सेप्टिक शॉक : पहिला हात कशावर, डोपामिन की नॉरॲड?

घाटपायथा | मंगळवार, रात्री ११:५०

दवाखाना तालुक्याच्या गावी, खाटा पंधरा, फिजिशियन मी एकटा. विषय वैद्यकीय आहे, पण इथे डॉक्टर, सिस्टर, औषधवाले सगळेच आहेत म्हणून मांडतोय. बाकीच्यांसाठी : सेप्टिक शॉक म्हणजे जंतुदोषाने बीपी घसरून अवयवांना रक्त न पोचणं; डोपामिन आणि नॉरॲड (नॉरॲड्रेनलीन) ही बीपी वर खेचणारी औषधं.

गेल्या महिन्यातली गोष्ट. बाई साठीच्या, जुना मधुमेह, तीन दिवस थंडी वाजून ताप आणि उजव्या कुशीत दुखणं. आणल्या तेव्हा बोलत होत्या, पण वार कोणता ते सांगता येईना. बीपी ७०/४०, नाडी १२४, गुडघ्यांवर जांभळट जाळी उमटलेली. सोनोग्राफीत मूत्रवाहिनीत खडा अडकलेला, वरची किडनी फुगलेली. म्हणजे आत पू आणि बाहेर पडायची वाट बंद. रक्ताचं कल्चर घेतलं, अँटिबायोटिक वीस मिनिटांत आत गेलं, आरएल (रिंगर लॅक्टेट, सलाइनचाच प्रकार) दोन लिटर धावतं सोडलं. बीपी ७६/४०. खडा सोडवणारा युरॉलॉजिस्ट अडीच तासांच्या रस्त्यावर.

कपाट उघडलं. ॲड्रेनलीन भरपूर, डोपामिन आठ ॲम्प्युल्स, नॉरॲड एकही नाही. संपलं होतं असंही नाही, कधी मागवलंच नव्हतं. मी शिकलो तेव्हा बीपी पडलं की हात आपोआप डोपामिनकडे जायचा, तो अजून तसाच जातो. पाच मायक्रोग्रॅमवर सुरू केलं, दहावर नेलं. बीपी ८४/४६ झालं, पण नाडी १६८ आणि अनियमित. मॉनिटरवर सरळसरळ एएफ, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा ताल सुटलेला. तशाच रुग्णवाहिकेत घालून पाठवल्या.

शहरातल्या आयसीयूतल्या पोराने (वयाने माझ्या मुलाएवढा) फोनवर एवढंच विचारलं, "सर, हे अजून वापरतं कोण?" त्याने डोपामिन काढून नॉरॲड लावलं, रात्रीतच डीजे स्टेंट (मूत्रवाहिनी मोकळी ठेवणारी नळी) टाकला, दोन तासांत नाडी १०० वर आली. बाई नवव्या दिवशी घरी गेल्या. परवा येऊन पेढे देऊन गेल्या.

पेढे गोड लागले, पण ते वाक्य अजून घशात आहे. तर प्रश्न दोन. डोपामिन खरंच एवढं वाईट आहे, की शहरी फॅशन बदलली? आणि माझ्यासारख्याच्या कपाटात नेमकं काय असावं?

---

आयसीयूतली | बुधवार, सकाळी ६:१०

नाइट ड्यूटी संपवून लिहितेय, चुका पोटात घाला.

आधी तुमच्या मनातलं काढून टाका. ती बाई तुमच्या अँटिबायोटिकने, तुमच्या सोनोग्राफीने आणि वेळेत गाडीत घातल्याने वाचली. डोपामिनने तिचा जीव घेतला नाही. नाडी मात्र पळवली.

आता औषधाचं. जंतुदोषात रक्तवाहिन्या सैल पडतात. हृदय बऱ्याचदा जोरातच पंप करत असतं. इथे कालव्याच्या भागातले लोक असतील त्यांना लगेच कळेल : धरणात पाणी आहे, पण सगळ्या चाऱ्यांची दारं एकदम उघडी टाकली की टेलच्या शेतकऱ्याला थेंब मिळत नाही. नॉरॲड मुख्यतः रक्तवाहिन्यांच्या अल्फा रिसेप्टरवर (रिसेप्टर म्हणजे औषध जिथे बसतं ती जागा) काम करतं, म्हणजे दारं ओढून घेतं. हृदयाला थोडा हात देतं, पण चाबूक मारत नाही. डोपामिनचं तसं नाही. मधल्या डोसला ते हृदयाच्या बीटा रिसेप्टरवर बसतं आणि नाडी पळवतं, अल्फाचा परिणाम वरच्या डोसला. म्हणजे जे हवं ते शेवटी मिळतं आणि जे नको ते आधी.

फॅशन नाही हो ही. २०१० साली डी बॅकर यांच्या गटाने १,६७९ शॉकचे रुग्ण घेऊन दोन्ही औषधं समोरासमोर लावली. २८ दिवसांतले मृत्यू डोपामिन ५२.५ टक्के, नॉरॲड ४८.५ टक्के. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण हृदयाच्या ठोक्यांचे बिघाड डोपामिनवर २४.१ टक्के आणि नॉरॲडवर १२.४ टक्के. जवळजवळ दुप्पट. तुमची बाई त्या २४ मधली. सर्व्हायव्हिंग सेप्सिस या आंतरराष्ट्रीय मोहिमेच्या मार्गदर्शक सूचनांत नॉरॲड पहिलं आहे ते उगाच नाही.

---

जुनं खोड | बुधवार, सकाळी ९:२५

नॉरॲड नॉरॲड करताय, पण १९९०च्या दशकात आम्ही काय शंख फुंकत होतो? डोपामिनवर माणसं उठून घरी गेलेली मी पाहिलीत. स्वस्त होतं, सगळीकडे मिळायचं, हाताच्या शिरेतून चालायचं. नॉरॲड म्हटलं की आधी सेंट्रल लाइन (हृदयाजवळच्या मोठ्या शिरेतली नळी) टाका, ती टाकणारा शोधा, तोवर पेशंट गार. लहान गावात औषधाची निवड पुस्तकावरून नाही, समोर काय आहे त्यावरून होते.

शिवाय डोपामिन किडनीला चांगलं. दोन-तीन मायक्रोग्रॅमला लघवी सुटते. स्वतः मोजलीय.

---

आयसीयूतली | बुधवार, दुपारी १:४०

खोडकाका, झोप काढून आले. तुमच्या पिढीने सलाइनची बाटली आणि बोटांवर माणसं वाचवलीत, त्याबद्दल दुमत नाही. पण "रीनल डोस" मात्र सोडा. २००० साली ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या आयसीयूंनी ३२८ रुग्णांवर हेच तपासलं : कमी डोसचं डोपामिन विरुद्ध नुसतं सलाइन. किडनी वाचण्यात काडीचा फरक नाही. लघवी सुटते ती मूत्रल परिणामामुळे. भांड्यात दिसते म्हणून बरं वाटतं, तेही आपल्याला.

सेंट्रल लाइनचा मुद्दा मात्र तुमचा पूर्वी बरोबर होता, आता नाही. २०२१च्या सूचनांत स्पष्ट लिहिलंय की सेंट्रल लाइनची वाट बघू नका, नॉरॲड हाताच्या शिरेतून सुरू करा. अट एवढीच की शीर कोपराच्या खळगीतली किंवा त्याच्या वरची असावी आणि तिथून थोडाच वेळ चालवावं. मनगट, पंजा नको. आणि शिरेबाहेर गेलं तर डोपामिनही कातडी जाळतंच, ते गरीब गाय नाही.

---

सिस्टर_वॉर्ड_३ | बुधवार, दुपारी ३:०५

डॉक्टर लोक मायक्रोग्रॅम बोलतात, पंपाशी आम्ही उभ्या असतो म्हणून थोडं लिहिते. बावीस वर्षं आयसीयूत आहे.

१) नॉरॲडच्या लाइनला लाल मार्करने चिकटपट्टी लावायची. त्या लाइनमधून दुसरं एकही इंजेक्शन द्यायचं नाही आणि फ्लश तर अजिबात नाही. नवीन मुलगी आली, लाइन ब्लॉक वाटते म्हणून पाच मिली सलाइन ढकललं, नळीतलं सगळं औषध एकदम आत. बीपी २२०. असं मी पाहिलंय.

२) हाताची शीर असेल तर दर तासाला नाही, दर पंधरा मिनिटांनी बघायची. पांघरूण वर करून. सुईच्या वर शिरेच्या रेषेत कातडी पांढरी पडायला लागली की समजायचं. सुजेची वाट बघायची नाही, पांढरी रेघ आधी येते.

३) बीपीचा कफ त्या हाताला बांधायचा नाही. प्रत्येक वेळी फुगला की औषध थांबतं, सुटला की एकदम जातं. मग मॉनिटरवर बीपी झोके घेतं आणि सगळे डोस कमी-जास्त करत बसतात.

४) सिरिंज संपायच्या आधी दुसरी भरून दुसऱ्या पंपावर तयार हवी. नॉरॲडचा असर दोन-तीन मिनिटांत उतरतो. बदलताना तेवढ्या वेळात पेशंट जातो.

रुग्णवाहिकेत निघायच्या आधी पंपाची बॅटरी बघा. हे पाचवं, पण सगळ्यात आधी बघायचं.

---

कानामात्रा | बुधवार, दुपारी ३:३०

सिस्टरताई, वाखूसा (वाचनखूण साठवली). मी डॉक्टर नाही, तरी हा प्रतिसाद प्रिंट काढून भाचीला देणार, ती नर्सिंगला आहे.

अवांतर शंका : आमच्याकडे बीपी लो झालं की लिंबू-मीठ-साखरेचं पाणी देतात. ते चालत नाही का मग?

---

घाटपायथा | बुधवार, दुपारी ४:००

कानामात्रा, उन्हातून आलेल्याला, जुलाब झालेल्याला द्या की. तिथे पाणीच कमी झालेलं असतं. इथे पाणी घातलं तरी टेलला पोचत नाही, तो घोळ वेगळा. आणि अर्धवट शुद्धीतल्याच्या तोंडात पाणी घालाल तर ते छातीत जाईल.

सिस्टर, तुमचा चौथा मुद्दा वाचून पोटात गोळा आला. त्या दिवशी वाटेत एका टपरीपाशी गाडी थांबवून सिरिंज बदलली होती.

---

साहेबांचा देश | बुधवार, संध्याकाळी ७:५५

इंग्लंडातून. इथे आम्ही आयसीयूत नेईपर्यंत हाताच्या शिरेतून बऱ्याचदा मेटारॅमिनॉल (नसा आवळणारं आणखी एक औषध) चालवतो, पण बहुतेक सवयीचा भाग. आयसीयूत गेल्यावर नॉरॲडच.

मला खरं बोलायचंय ते "किती बीपी हवं" यावर, कारण निवडीइतकीच तिथेही चूक होते. वरचा आकडा सोडा, सरासरी दाब बघा : खालचा आकडा अधिक दोघांतल्या फरकाचा एक तृतीयांश. ७०/४० म्हणजे ५०. ८४/४६ म्हणजे जेमतेम ५९. लक्ष्य ६५. त्याहून जास्त ओढून फायदा होतो का, हे फ्रान्समध्ये ७७६ रुग्णांवर तपासलं गेलं, २०१४ साली. एका गटाला ६५ ते ७०, दुसऱ्याला ८० ते ८५. मृत्यू सारखेच, उलट जास्त दाबाच्या गटात एएफ जास्त. फक्त ज्यांचं बीपी आधीपासूनच जास्त होतं त्यांच्यात डायलिसिस थोडं कमी लागलं. नंतर २०२० साली आमच्या इथे ६५ वर्षांवरच्या २,६०० जणांवर उलटी परीक्षा झाली : ६० ते ६५ वर ठेवलं तर काय? काही बिघडलं नाही. ९० दिवसांतले मृत्यू ४१ टक्के, नेहमीच्या उपचारात ४३.८. फरक कसोटीला उतरला नाही, पण नुकसान नाही एवढं नक्की.

तेव्हा १२०/८० दिसल्याशिवाय चैन न पडणाऱ्यांनी हे लक्षात घ्या. नातेवाईकांना मॉनिटरवर १२० दिसलं की बरं वाटतं, पण तेवढ्यासाठी दारं इतकी आवळायची की बोटांचं रक्त तुटेल?

---

पिंपळपान | बुधवार, रात्री १०:२०

शेवटचं वाक्य वाचून लिहितेय. मी डॉक्टर नाही.

बाबांना मागच्या पावसाळ्यात न्यूमोनियातून सेप्टिक शॉक झाला. एकोणीस दिवस आयसीयू. रोज सकाळी सांगायचे, बीपीच्या सपोर्टवर आहेत, सपोर्ट वाढवलाय, सपोर्ट कमी केलाय. आम्हाला वाटायचं सपोर्ट म्हणजे काहीतरी आधार, चांगलंच असेल. आठव्या दिवशी डाव्या पायाची बोटं निळी झाली, मग काळी. बाबा वाचले. दोन बोटं गेली. हॉस्पिटलचं नाव सांगणार नाही, तिथल्या लोकांनी जीव तोडून काम केलं हेही खरं. पण सह्या घेतल्या तेव्हा बोटांचं कोणी बोललं नव्हतं. आजही नातेवाईक म्हणतात, औषध देऊन बोटं घालवली. खरंय का हे?

---

आयसीयूतली | बुधवार, रात्री ११:३५

पिंपळपान, सरळ उत्तर देते. थोडं खरं आहे.

शॉकमध्ये बोटांकडे रक्त आधीच कमी जातं. त्यात जंतुदोषामुळे बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात. त्यावर जास्त डोसचं नॉरॲड, सोबत व्हॅसोप्रेसिन (नसा आवळणारं दुसरं औषध) असेल तर ते. तिघांनी मिळून बोटं जातात, एकट्या औषधाने क्वचित. तेच औषध नसतं तर मेंदू, किडनी, हृदय तिघंही गेले असते. शरीर स्वतःसुद्धा अशा वेळी पायाची बोटं सोडून मेंदू धरतं, आपण त्यालाच जोर देतो.

पण सांगायला हवं होतं. "सपोर्ट" हा शब्दच फसवा आहे. मी आता घरच्यांना म्हणते : बीपी धरून ठेवायला नसा आवळणारं औषध चालू आहे, डोस फार वाढला तर हातापायाची टोकं काळी पडू शकतात, रोज बघतोय. ऐकणारा गप्प होतो क्षणभर. पण नंतर भांडत नाही.

बाबांना नमस्कार सांगा.

---

दर्याकिनारी | गुरुवार, सकाळी ७:१५

कोकणातला आहे म्हणून एक अवांतर, पण अगदीच अवांतर नाही.

आमच्याकडे लाल विंचू चावला की शरीर स्वतःच ॲड्रेनलीन-नॉरॲडचा पूर सोडतं. हातपाय गार, घाम, बीपी आभाळात, मग हृदय थकतं आणि फुप्फुसात पाणी. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी १९८०च्या दशकात प्राझोसिनची गोळी देऊन यातली माणसं वाचवायला सुरुवात केली. प्राझोसिन अल्फा रिसेप्टर अडवतं. म्हणजे आयसीयूतली ज्या दारांबद्दल बोलतात ती तिकडे आवळायची आणि इकडे सोडायची. एकाच दाराला दोन बाजूंनी हात.

आणि याचा इथे उपयोग असा : नॉरॲड शिरेबाहेर गेलं तर पुस्तकात जे फेंटोलामिन टोचायला सांगतात तेही प्राझोसिनच्याच जातीचं. आमच्या भागात ते मिळत नाही. टर्ब्युटालिन (दम्याचं, नसा सैल करणारं औषध) टोचून काम भागवल्याचं ऐकून आहे. कोणी केलंय का?

---

साहेबांचा देश | गुरुवार, दुपारी २:१०

टर्ब्युटालिन केलंय, दोनदा. पांढरी झालेली कातडी गुलाबी झाली. नायट्रोग्लिसरीनचं मलमही लावतात. पण सगळ्यात आधी औषध दुसऱ्या शिरेवर न्यायचं आणि जुनी सुई लगेच उपटायची नाही, तिच्यातूनच जमेल तेवढं मागे ओढून घ्यायचं.

---

जुनं खोड | गुरुवार, दुपारी ४:४५

ठीक. हाताच्या शिरेतून चालतं म्हणताय तर माझा निम्मा विरोध संपला. उरलेला निम्मा असा की हल्ली पोरं दोन बाटल्या सलाइन द्यायच्या आत नॉरॲड लावून मोकळी होतात. आधी टाकी भरा, मग दारं ओढा. रिकाम्या टाकीवर दारं ओढून काय मिळणार?

---

आयसीयूतली | गुरुवार, रात्री ९:००

खोडकाका, या एका मुद्द्यावर आमच्या युनिटमध्येही रोज भांडण असतं.

सूचना म्हणते पहिल्या तीन तासांत किलोमागे ३० मिली, म्हणजे साठ किलोच्या माणसाला सुमारे १,८०० मिली. तीसुद्धा आता "करा" नाही, "सुचवतो" अशा भाषेत. अमेरिकेत १,५६३ रुग्णांवर प्रयोग झाला, २०२३ साली छापून आला. एका गटाला पाणी कमी आणि प्रेसर (नॉरॲडसारखं बीपी चढवणारं औषध) लवकर, दुसऱ्याला पाणी जास्त. मृत्यू १४ टक्के आणि १४.९ टक्के, जवळजवळ सारखे. म्हणजे तुमचं म्हणणं हरलं नाही, माझंही जिंकलं नाही.

पण ते सगळे व्हेंटिलेटर हाताशी असलेले. झांबियात २०१७ साली जे झालं ते घाटपायथांनी जरूर वाचावं. राजधानीतलं मोठं रुग्णालय पण आयसीयूच्या सोयी तुटपुंज्या, सेप्सिसमध्ये बीपी पडलेले दोनशेवर रुग्ण, बहुतेक एचआयव्हीबाधित. एका गटाला ठरवून भरपूर पाणी, गरज पडली तर डोपामिन, रक्त. मेले कोण? ठरवून दिलेल्यातले ४८ टक्के, नेहमीच्या उपचारातले ३३. जिथे फुप्फुसात पाणी झालं तर पुढे मशीन नाही, तिथे टाकी भरण्याची किंमत वेगळी असते.

म्हणून माझं मत : पहिला लिटर जात असतानाच खालचा आकडा ४०च्या आसपास असेल तर नॉरॲड बाजूने सुरू करा, दोन्ही गाड्या एकदम. बँकॉकच्या सिरीराज रुग्णालयात ३१० रुग्णांवर हेच केलं, लवकर आणि कमी डोस. सहा तासांत शॉक आटोक्यात आलेले ७६ टक्के, नेहमीच्या पद्धतीत ४८. मृत्यूबाबत एका छोट्या प्रयोगावरून छातीठोक बोलणार नाही. आणि दर वेळी नखावर, बोटावर दाबून बघा. दहा सेकंद दाबून सोडलं की तीन सेकंदांत गुलाबी व्हायला हवं. लॅक्टेट (शॉकमध्ये रक्तात वाढणारं द्रव्य) मोजायचं मशीन नसलं तरी बोट असतंच.

डेंग्यूचा शॉक यात धरू नका. तिथे रक्तवाहिन्या गळतात, पहिलं काम मोजून मापून पाणी.

---

छोटे पेशंट | गुरुवार, रात्री ११:१०

लहान मुलांचं कोणी बोललंच नाही. आमच्यात डोपामिनविरुद्धचा पुरावा अजून ठसठशीत. ब्राझीलमध्ये १२० मुलं : डोपामिनवर २०.६ टक्के दगावली, ॲड्रेनलीनवर ७ टक्के. चंदीगडच्या पीजीआयनेही ६० मुलांवर हीच तुलना केली, तिथेही ॲड्रेनलीनवर शॉक लवकर सुटला. मुलांमध्ये ॲड्रेनलीन किंवा नॉरॲड, डोपामिन नाही. बीपी पडेपर्यंत थांबूही नका, मुलांचं बीपी सगळ्यात शेवटी पडतं आणि एकदम पडतं.

घाटपायथा, एक विचारू? त्या दिवशी कपाटात ॲड्रेनलीन "भरपूर" होतं म्हणालात. मग तेच का नाही लावलंत?

---

घाटपायथा | गुरुवार, रात्री ११:४०

खरं सांगू? डोक्यातच आलं नाही. ॲड्रेनलीन म्हणजे हृदय बंद पडल्यावर किंवा इंजेक्शनची रिॲक्शन आल्यावर. ड्रिपमधून चालवायचं औषध म्हणून हातच गेला नाही.

---

आयसीयूतली | शुक्रवार, सकाळी ६:४०

हे फार जणांचं होतं. नॉरॲड नसेल तर ॲड्रेनलीन किंवा डोपामिन चालेल असं सूचनांतच आहे. माझा कौल ॲड्रेनलीनला, पण तुमच्या बाईसारखी १२४ नाडी असेल तर तेही नाडी वाढवणारच, म्हणून हळू हात. दोन गोष्टी लक्षात असू द्या. ॲड्रेनलीनने साखर वाढते आणि लॅक्टेट स्वतःहून चढतं. लॅक्टेट वाढलं म्हणून शॉक बिघडला असं वाटून अजून पाणी ओतणारे पाहिलेत मी.

आता कपाट. नॉरॲड, कमीत कमी दहा ॲम्प्युल्स, तारीख बघून. हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड तुमच्याकडे असणारच : नॉरॲड ०.२५च्या (किलोमागे मिनिटाला मायक्रोग्रॅम) वर जाऊन चार तास झाले तर दिवसाला २०० मिग्रॅ, सहा तासांनी ५० करून. व्हॅसोप्रेसिन ठेवायचं तर फ्रिजमध्ये. ते अल्फाच्या दारावर जातच नाही, वेगळ्या दारावर जातं. म्हणून नॉरॲड ०.२५ ते ०.५च्या दरम्यान पोचलं आणि दाब धरत नाही, तर नॉरॲड आणखी चढवण्यापेक्षा हे जोडायचं. मिनिटाला ०.०३ युनिट, तिथेच ठेवायचं, वरखाली खेळायचं नाही. २००८ साली ७७८ रुग्णांवर तपासलं, एकूण मृत्यूत फरक दिसला नाही. पण नॉरॲडचा डोस उतरतो. तुमच्या अडीच तासांत त्याची वेळ यायची नाही बहुतेक. आली तर औषध बदलण्याआधी खडा, पू, गळू कुठे अडकलंय ते बघा. वाट मोकळी झाली नाही तर चार प्रेसर लावूनही हाताला काही लागत नाही.

---

सिस्टर_वॉर्ड_३ | शुक्रवार, सकाळी ८:२०

पंप बंद पडला तर मायक्रोड्रिपचा (मिलीला ६० थेंब पाडणारा सेट) हिशेब पाठ ठेवा. ४ मिग्रॅ ५०० मिलीत घातलं की मिलीला ८ मायक्रोग्रॅम. साठ किलोला ०.१ द्यायचं म्हणजे मिनिटाला ६ मायक्रोग्रॅम, म्हणजे पाऊण मिली, म्हणजे ४५ थेंब. गाडीत मी असंच नेलंय एकदा, घड्याळाकडे बघत थेंब मोजत. मान दुखून आली होती.

---

गोळीबंद | शुक्रवार, दुपारी १२:१५

औषध दुकानवाला. दोन-तीन दिवस नुसता वाचत होतो, आता राहवत नाही. सिस्टर, तुमचे ४ मिग्रॅ म्हणजे कशाचे?

नॉरॲडच्या ॲम्प्युलवर दोन प्रकारे ताकद लिहिलेली असते. क्षाराची, म्हणजे बायटार्ट्रेटची, नाहीतर शुद्ध नॉरॲड्रेनलीनची, ज्याला बेस म्हणतात. २ मिग्रॅ बायटार्ट्रेटमध्ये बेस १ मिग्रॅच असतो. कोणी मोठ्या अक्षरात एक छापतं, कोणी दुसरं. कंपनी बदलली की डोस दुप्पट किंवा निम्मा आणि चार्ट तोच. पाकीट बघून मागवा, नाव बघून नाही.

---

आयसीयूतली | शुक्रवार, दुपारी १२:५०

गोळीबंद, नमस्कार घ्या. हा घोळ शोधनिबंधांतही आहे, कोणी बेसमध्ये मोजतं, कोणी क्षारात. चालू डोस बीपी बघूनच ठरतो म्हणून रोज लक्षात येत नाही, पण "०.२५च्या वर गेलं" हे ठरवताना अंगाशी येतं.

---

घाटपायथा | शनिवार, रात्री १०:०५

मंडळी, नॉरॲडचे दहा ॲम्प्युल्स आले. डोपामिन फेकलं नाही, मागच्या कप्प्यात गेलं. नाडी मंद असलेला एखादा येईल तेव्हा बघू. काल ड्यूटीच्या मुलाकडून कपाटाच्या दारावर आतून चार्ट चिकटवून घेतला : एक ॲम्प्युल (४ मिग्रॅ धरून) ५० मिलीत, मिलीला ८० मायक्रोग्रॅम, साठ किलोला ०.१ म्हणजे तासाला साडेचार मिली, ०.२५ म्हणजे सव्वाअकरा. सिस्टरांचे पाचही मुद्दे खाली, लाल शाईत.

आज गोळीबंदांचा प्रतिसाद परत वाचला आणि चष्मा लावून ॲम्प्युल बल्बखाली धरली. दोन मिली. प्रत्येक मिलीत बायटार्ट्रेट इतकं की बेस १ मिग्रॅ. म्हणजे ॲम्प्युलमध्ये बेस दोनच, चार नाही. मिलीला ८० नाही, ४०. सव्वाअकरावर मी ०.२५ समजून स्टेरॉइड काढलं असतं, खरं चालू असतं ०.१२५.

चार्ट काढलाय. नवा उद्या सकाळी, वर मोठ्या अक्षरात "बेस" लिहून. आयसीयूतल्या पोराला फोन करून विचारलं, तुम्ही कशात मोजता? तो दोन सेकंद गप्प बसला. म्हणाला, "सर, बघून सांगतो."